वॉलबाबाचा शेंदूर

माझी बायको आजही पाहुण्यांपुढे सांगते, की तिचा संसार एका लोखंडी झडपेनं दीड वर्ष अडवून धरला होता. पाहुणे हसतात, मी चहा पितो. खरं म्हणजे अडवून मीच धरला होता. झडपेला बोलता येत नव्हतं आणि मला नको तितकं येत होतं, एवढाच काय तो फरक.

लढाईच्या आधीची गोष्ट. गोंदियाला एका सेठच्या राइस मिलमध्ये मी इंजिनावर होतो. चार वर्षं तिथल्या जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली काढली. म्हातारा डोळ्यांनी अधू होऊन आपल्या गावी गेला आणि इंजिन माझ्या हाती आलं, पण मी कच्चाच राहिलो. पक्कं व्हायला बॉयलर इन्स्पेक्टरचं सर्टिफिकेट लागे, आणि साहेब नागपुराहून वर्षातून एकदाच येत. इंजिनघराच्या मागे ड्रायव्हरसाठी एक खोली होती. कौलारू, एक खिडकी, दाराशी पेरूचं झाड, आणि दोन पावलांवर पंप. ती फक्त पक्क्या ड्रायव्हरला मिळे. तिची किल्ली सेठच्या आईच्या कमरेला असे. त्या बाईला सगळी मिल माँजी म्हणायची, सेठसुद्धा.

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. बायको दवनीवाड्याला माझ्या आईजवळ, आणि मी रेल्वेलाइनीच्या पलीकडे पाच हमालांबरोबर एका गाळ्यात. तिथं पाण्याचा थेंब नाही आणि घोरण्याला अंत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी गावी गेलो की ती भात वाढता वाढता विचारी, "खोलीचं का झालं जी?"

"होऊन राहिलं," मी म्हणे.

निघताना ती जवसाच्या तेलाची बाटली माझ्या पिशवीत ठेवी. आमच्याकडे बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, धान उभं असतानाच लाखोळी आणि जवसाचं बी फेकतात. त्या जवसाचं घाण्यावरचं तेल. गरम भातावर ते ओतलं आणि सोबत मिरचीचा ठेचा असला, की मला बाकीचं जग नको असतं. "हमालायच्या संगं कोरडा भात नोका खाऊ," ती म्हणायची. ती बाटली मी नेत असे. तिचं मी पुढे काय केलं, तेच आता सांगायचं आहे.

पहिल्या खेपेला साहेबांनी मला विचारलं होतं, "बॉयलरमधलं पाणी अगदी तळाशी गेलं, तर तुम्ही काय कराल?" मी म्हणालो, "पळीन जी." उत्तर खरं होतं. सर्टिफिकेट मिळालं नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं, की खरं बोलण्यात राम नाही.

आता जरा इंजिनाबद्दल. आमच्या मिलमध्ये हुकूम देणारे पुष्कळ होते. सेठ मुनीमला सांगे, मुनीम मला, मी आगवाल्याला. आगवाला म्हणजे बॉयलरच्या तोंडात धानाचा भुसा ढकलणारा. तो सालेकशाकडचा म्हातारा गोंड, आणि त्याला हुकूम द्यायला खाली कुणी उरलं नव्हतं म्हणून तो कुणाशी बोलतच नसे. या सगळ्यांच्या वर इंजिनाच्या डोक्यावर गव्हर्नर होता. दोन लोखंडी गोळे, इंजिनाबरोबर गरगर फिरणारे. वेग वाढला की गोळे फाकून वर उचलले जात आणि त्यांच्याखालची दांडी वाफेच्या नळीतली झडप मिटवी. इंजिन धापा टाकू लागलं की गोळे खाली येत, झडप उघडे. त्या झडपेला मिलमध्ये सगळे वॉल म्हणत. जुना ड्रायव्हर जाताना मला एवढंच सांगून गेला, "गोळे कितीबी नाचू दे, बाबू. वॉल हालला तं खरं." सेठचा हुकूम, मुनीमची ओरड, गोळ्यांचा नाच, सगळं अखेर त्या झडपेच्या वीतभर दांडीपाशी येऊन थांबतं. ती हलली नाही, तर वरच्यांनी कितीही आरडाओरडा करावा.

पौषातली दुपार होती. गाळ्यात पाणी नसल्यानं मी रोज दुपारी, इंजिन चालू असताना, आगवाल्याच्या भरवशावर मागच्या पंपावर अंघोळीला जात असे. असं इंजिन सोडून जाणं म्हणजे मोठा गुन्हा. पण माणसानं अंघोळच करू नये असंही कुठं लिहिलेलं नाही. मी डोक्याला साबण लावून बसलो आणि आतून फटाक्यासारखा आवाज आला. इंजिनावरून मिलची यंत्रं फिरवणारा मोठा पट्टा तुटला होता. पट्टा तुटला म्हणजे इंजिनावरचा सगळा भार एका क्षणात उतरला. असं इंजिन मोकाट सुटलं तर चाकाचे तुकडे छपरातून बाहेर जातात. आवाज चढत गेला. मी पंचा गुंडाळून, डोळ्यांत साबण घेऊन धावलो. पोचेपर्यंत आवाज खाली आला होता. गोळे पार वर फाकले होते, झडप मिटली होती आणि इंजिन आपलं गोगलगायीसारखं हळूहळू फिरत होतं.

आगवाला हातात फावडं घेऊन उभा होता. "आपूनच थांबलं," तो म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं हे पहिलं वाक्य असावं.

तेवढ्यात सगळी मिल गोळा झाली. सेठ आले, मागून काठी टेकत माँजी आल्या. माझ्या अंगावरून पाणी गळत होतं. ते घाम आहे असं कुणाला वाटलं असेल, तर मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

"किसने बचाया?" माँजींनी विचारलं.

'मी' असं म्हणायला जीभ वळवळली होती. पण आगवाला माझ्याकडे बघत होता, आणि न बोलणारी माणसं नेमकी नको तेव्हा बोलतात. मग मी झडपेकडे बोट दाखवलं. "इसने, माँजी. याच्यात देव आहे."

त्या म्हातारीचे डोळे भरून आले. तिच्या नवऱ्यानं ही मिल उभी केली होती. तिनं पदर पुढे घेऊन झडपेला हात जोडले आणि जाहीर केलं, की दर मंगळवारी इथं शेंदूर चढेल. मी लगेच म्हणालो, "तेल मी आणीन माँजी. बाजारच्या तेलात भेसळ राहते. घरच्या जवसाचं शुद्ध तेल हाय माझ्यापाशी." माँजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की ती किल्ली मला कमरेवरून सुटताना दिसली.

आणि वॉलबाबाची स्थापना झाली.

पहिल्या मंगळवारी बोटभर शेंदूर लागला. दुसऱ्या मंगळवारी दोन बोटं. धान घेऊन येणाऱ्या बैलबंडीवाल्यांना कळलं, तेही येऊन टिकला लावू लागले. आपल्याकडे शेंदूर दिसला की कुणी कारण विचारत नाही. एका दिवस भरलेल्या बाईनं मुलगा व्हावा म्हणून दांडीला लाल दोरा बांधला, आणि झाला मुलगाच. मग काय विचारता! मंगळवारी इंजिनघरात रांग लागे. नारळाच्या खोबऱ्यानं मी आणि आगवाला दोघंही बाळसं धरू लागलो. माँजी दर वेळी वाटी पुढे करत आणि मी बायकोच्या बाटलीतलं तेल त्यात ओतत असे. गाळ्यात मी कोरडा भात खात होतो. पण प्रत्येक थेंबाबरोबर आपण खोलीच्या जवळ सरकतो आहोत, हे समाधान होतं.

फाल्गुनात पहिल्यांदा शंका आली. धान संपून यंत्र रिकामं फिरू लागलं, इंजिनानं वेग घेतला, गोळे वर गेले, आणि वॉलबाबा गप्प. दांडी थरथरली, पण झडप मिटली नाही. मी मुठीनं ठोकलं तेव्हा कुरकुरत हलली. पुढच्या मंगळवारनंतर ती ठोकूनही हलेना. दांडी जिथून नळीत शिरते, तिथं शेंदराचा नारळाएवढा गोळा बसला होता. वाफेच्या उष्णतेनं तो भाजलेल्या विटेसारखा कडक झाला होता.

मग ते काम मी करू लागलो. वाफेच्या मुख्य नळीवरच्या हातचक्रावर हात ठेवून गोळ्यांकडे बघत उभं राहायचं. गोळे वर गेले की चक्र बंद करायचं, खाली आले की उघडायचं. दिवसभर. अंघोळ बंद झाली, तंबाखू बंद झाली. नाकावर माशी बसली तरी उठवायची सोय नव्हती. ज्या झडपेला लोक नारळ फोडत होते, तिचं काम मी करत होतो, आणि मला कुणी साधा नमस्कार करत नव्हतं. त्या दिवसांत मी फार चिडका झालो होतो.

माणसाचा हात तो, चुकायचाच. इंजिन कधी धावे, कधी रेंगाळे, आणि तांदूळ तुटू लागला. सेठ ओंजळभर तांदूळ घेऊन आले. "चावल कम, कनकी ज़्यादा! ये क्या चल रहा है?"

"धानच असं येऊन राहिलं, सेठजी," मी म्हणालो. सेठ मुनीमवर ओरडायला गेले.

आणि मग साहेबांचं कार्ड आलं. गुरुवारी दुपारच्या पॅसेंजरनं येत आहे, चालू इंजिनावरून पट्टा उतरवून झडप मिटते की नाही हे पाहण्यात येईल, त्याच वेळी ड्रायव्हरची तोंडी परीक्षा घेण्यात येईल. मुनीमनं कार्ड वाचून दाखवलं. पट्टा उतरला, झडप मिटली नाही, तर इंजिन मोकाट सुटणार. सर्टिफिकेट गेलं. खोली गेली. आणखी एक वर्ष तिनं विचारायचं आणि मी म्हणायचं, होऊन राहिलं.

मंगळवारी पूजेनंतर सगळे गेलेत असं बघून मी छिन्नी घेतली आणि शेंदरावर पहिला घाव घातला. मागे काठीचा आवाज झाला.

"देवता को खुरचता है?" माँजी दारात उभ्या होत्या. "एक कण भी निकाला ना, तो उस खोली की चाबी कुएँ में डाल दूँगी. समझा?"

समजलं. देव खरवडला तर किल्ली विहिरीत, नाही खरवडला तर सर्टिफिकेट विहिरीत. मी छिन्नी खाली ठेवली आणि देवाला नमस्कार केला. मनात त्याला जे म्हणालो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बुधवारी दुपारी माझा मेहुणा धानाची बंडी घेऊन मिलवर आला. पोत्यांच्या वर, डोक्यावरून पदर घेऊन, मांडीवर बाटली धरून माझी बायको बसली होती. तिनं मिल कधी पाहिली नव्हती. मला बघून ती हसली. मी चक्र सोडून जाऊ शकत नव्हतो, म्हणून तिथूनच ओरडलो, "इकडंच ये!"

ती आत आली, इंजिनाला बिचकून भिंतीच्या कडेकडेनं. तिचं लक्ष शेंदराच्या गोळ्याकडे गेलं. जवळ जाऊन तिनं तो निरखला, नखानं टोकरला, नाकाशी नेऊन वास घेतला. आमचं पहिलं बोलणं इतक्या दिवसांनी काय व्हावं?

"हे जवसाचं तेल होय ना?"

मी गव्हर्नरच्या गोळ्यांकडे बघू लागलो.

"मी इचारून राहिली. हे माह्या बाटलीतलं तेल होय का नाही?"

"होय," मी म्हणालो.

"सारं?"

"सारं."

मग ती बोलली, आणि इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलली. "घाण्यावरून तेल येते ते वाटेकरी घेऊनच येते जी. आत्याबाईले, तुमच्या मायले, वाटीभर देतो, देवाच्या दिव्याले देतो, अन् माह्या वाट्याचं मी तुमच्या बाटलीत भरतो. तीन महिने झाले, मी कोरडा भात खाऊन राहिली. तुमी तिकडं कोरडा खासान म्हणून. अन् तुमी हे लोखंडाले पाजून राहिले!"

मीही कोरडाच खात होतो हे सांगावंसं वाटलं, पण त्यानं गुन्हा कमी होण्याऐवजी दुप्पट होत होता. दोन ठिकाणी दोन माणसं कोरडा भात खात होती आणि तेल खात होती झडप. माझे डोळे भरले. हात चक्रावर होते, त्यामुळे पुसताही येईनात.

तिनंच पदरानं पुसले. आणि मग तिला हसू आलं. एकदा आलं ते थांबेना. "कुनब्याच्या पोटी जन्मले ना तुमी? वाढई-सुतार बंडीच्या चाकाले जवसाचं तेल कायले लावते? ते वाळते, अन् त्याचं कातडं होते. गावच्या मारोतीले कोनी जवसाचं तेल लावते का? तिळाचं लावते. त्याच्यात शेंदूर घालून तुमी देवाले लोखंडाहून घट्ट केलं बाप्पा!"

मी तिला सगळं सांगितलं. अंघोळ, पट्टा, माँजी, उद्याचे साहेब, विहिरीत जाणारी किल्ली. तिनं पदर खोचला. "माँजी कोनत्या घरात राहते?"

"तुला हिंदी येते का?"

"तिले कान हायेत ना?" असं म्हणून ती गेली.

ती काय बोलली हे मला नंतर मेहुण्यानं सांगितलं, तो बंडी सोडायला तिकडेच होता. ती थेट माँजींच्या ओसरीवर गेली, पाया पडली आणि म्हणाली, "माँजी, तुमच्या देवाची खोळ उतरवाची येळ झाली." आमच्या गावच्या मारुतीवर वर्षानुवर्षं शेंदूर चढतो. थर जड झाला की आपोआप सुटून पडतो, आतून मूळची मूर्ती निघते. लोक म्हणतात, देवानं जुना अंगरखा टाकला. मग वाजतगाजत ती खोळ वैनगंगेत सोडतात. बायकोनं माँजींना विचारलं, "तुमाले कोनी एकावर एक धा लुगडी नेसवली अन् उतरवलीच नाही, तं तुमाले चालता येईन का? तो देव आहे, काही बोलत नाही. पन हालताबी येऊन नाही राहिलं त्याले."

माँजी इंजिनघरात आल्या. त्यांनी गोळे नाचताना पाहिले, दांडी थरथरताना पाहिली आणि जागच्या जागी अडकलेली झडप पाहिली. "हाय राम," त्या म्हणाल्या. "कितना कष्ट हुआ भगवान को!" माझ्या कष्टांबद्दल कुणी काही बोललं नाही. बायकोला माँजींनी आपल्याच ओसरीवर ठेवून घेतलं.

गुरुवारी सकाळी बॉयलर थंड होता. मी झडप नळीतून सोडवली आणि पाटावर ठेवली. माँजींनी आधी गरम पाण्यानं तिला न्हाऊ घातलं, मग मी घासलेट चोळलं. "ये क्या है?" माँजींनी विचारलं. "उटणं," बायको म्हणाली. छिन्नीनं हलक्या हातानं ठोकत मी खोळ सोडवली. ती दोन तुकड्यांत निघाली, आतून गुळगुळीत आणि दांडीच्या मापाची. आतली दांडी पाहून मला जुन्या ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. वाफ गळू नये म्हणून दांडीभोवती मी नवी दोरी भरली. त्या दोरीला मऊपणासाठी जनावराची चरबी चोळलेली असते, हे मी शाकाहारी माँजींना सांगितलं नाही. झडप परत बसवली, आगवाल्यानं भुसा पेटवला, आणि खोळीवर झेंडूची फुलं वाहून सेठनं नारळ फोडला, त्याच वेळी दारात टोपी घातलेले साहेब उभे होते. पॅसेंजर त्या दिवशी वेळेवर आली होती. असं कधी होत नाही.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले. शुद्ध, पुस्तकातलं मराठी. आमच्या इंजिनघरात ते फारच स्वच्छ वाटलं.

माँजींनी त्यांना सगळं सांगितलं. वॉलबाबानं मिल कशी वाचवली, कोणाला मुलगा झाला, आज खोळ कशी उतरली. साहेबांनी पाटावरचा तुकडा उचलला, बोटानं वाजवून पाहिला, वास घेतला. त्यांच्या मिशा हलू लागल्या.

"शेंदूर आणि जवसाचं तेल," ते म्हणाले. "आमचे फिटर हेच कालवून नळ्यांच्या सांध्यांना लावतात. जे सांधे कधीही हलू नयेत, त्यांना. इथं लावायची अक्कल कुणाची?"

सेठनं मुनीमकडे पाहिलं, मुनीमनं माझ्याकडे. माँजी पुढे सरकल्या. बायकोनं तोंड उघडलं, ती 'तेल माझं' म्हणणार हे मला कळलं. मला एकाएकी स्वतःचाच संताप आला. दीड वर्ष मी सगळं दुसऱ्यावर ढकलत आलो होतो. देवावर, धानावर, मुनीमवर. आता काय बायकोवर?

"तेल माहं जी," मी म्हणालो. "माँजीनं शेंदूर सांगतला, जवसाचं मीच आनलं. मर्जी राखाले."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गेल्या वर्षी 'पळीन' म्हणणारे तुम्हीच ना?"

"होय जी."

"पट्टा तुटला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. मी पाण्याची पातळी दाखवणारी गेजकाच, जादा वाफ सोडणारा सेफ्टी वॉल, सगळं पाठ केलं होतं. आगवाला फावड्यावर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होता. माँजी बघत होत्या. बायको बघत होती.

"अंघोळीले गेलो होतो जी. गाळ्यात पानी नाही."

माँजींची काठी जमिनीवर आपटली. साहेब वाफेच्या काट्याकडे वळले. वाफ चढली, इंजिन सुरू झालं. भार चढवला, यंत्रं धडधडू लागली. साहेबांनी मला चक्रापासून तीन पावलं मागे उभं केलं आणि हात वर केला. माझ्या आयुष्यात मी इतका रिकाम्या हातांनी कधी उभा राहिलो नाही. "उतरवा!" ते म्हणाले.

पट्टा उतरला. इंजिनानं एकदम श्वास घेतला, आवाज चढला, गोळे फाकत वर गेले. एक क्षण. मग दांडी सरकली. झडप मिटली, कुरकुर नाही, अडखळणं नाही, आणि इंजिन जिथल्या तिथं शांत झालं. बायकोनं माझा हात धरला होता. सगळ्या मिलसमोर. दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

साहेबांनी मग मला अर्धा तास प्रश्न विचारले आणि मी उत्तरं दिली. शेवटी त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सेठकडे वळून म्हणाले, "झडप ठीक आहे. आता ड्रायव्हर. चालू इंजिन सोडून जाणं हा अक्षम्य प्रकार आहे. पुन्हा झाला, तर मी सर्टिफिकेट काढून घेईन." 'काढून घेईन' म्हणजे आधी देणार, हे समजायला मला वेळ लागला. "पण कारणही काढून टाकलं पाहिजे. या माणसाला अंघोळीसाठी इंजिन सोडावं लागतं. पंपाशेजारी, इंजिनाला लागून एखादी खोली नाही का तुमच्याकडे?"

सेठनं माँजींकडे पाहिलं. आमच्या मिलमध्ये सगळे हुकूम अखेर तिथंच जाऊन थांबत.

माँजींनी कमरेची किल्ली सोडली. मी हात पुढे केला. त्यांनी काठीनं तो बाजूला सारला. "तू झूठा है. भगवान का नाम लेके झूठ बोला." आणि किल्ली माझ्या बायकोच्या हातावर ठेवली. "तेरे को दी है, बहू. इसको नहाने भेजेगी, तो इंजन बंद होने के बाद."

खोळ घेऊन मेहुणा बंडीतून एकटाच परत गेला. वाटेत त्यानं ती वैनगंगेत सोडली. झडपेची पूजा पुढेही चालू राहिली, पण लांबून, एका फुलावर.

त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत बायकोनं खोली झाडली, पेरूच्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडली आणि भात लावला. ताट एकच होतं. तिनं ते माझ्यापुढे ठेवलं आणि आणलेली नवी बाटली उघडली. मी बाटली तिच्या हातातून घेतली, ताट तिच्याकडे सरकवलं आणि तिच्या भातावर तेल धरलं. दोन चमचे झाले, चार झाले.

"पुरे," ती म्हणाली. मी धरूनच होतो.

"पुरे ना जी, सांडून राहिलं!" ती ओरडली. तेल ताटाच्या काठावरून तिच्या नव्या खोलीच्या जमिनीवर गेलं होतं.